पावसाची वही आणि हिची वही

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचे लोक दोनच प्रश्न विचारतात. चिक्की कोणाकडची घ्यावी, हा पहिला; आणि यंदा पाऊस किती झाला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी देत नाही, कारण मला याच गावात राहायचे आहे. दुसऱ्याचे मात्र मिलिमीटरमध्ये देतो. शाळेत भूगोल शिकवायला लागलो त्या वर्षी, म्हणजे 1984 साली, मुलांना दाखवण्यासाठी मी अंगणात एक पर्जन्यमापक बसवला. मुले शिकून गेली, मी निवृत्त झालो, पर्जन्यमापक राहिला. रोज सकाळी साडेआठ वाजता छत्री घेऊन बाहेर पडायचे, पाणी मापात ओतायचे, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. आमची ही याला ‘सकाळची पूजा’ म्हणते.

या पूजेतून मला दोन गोष्टी कळल्या. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. जुलैत एखाद्या रात्री अडीचशे मिलिमीटर पडला, की गावभर त्याची चर्चा होते. पण तो नेहमीचाच की जगावेगळा, हे सांगायला मागची वीस-तीस वर्षे हाताशी लागतात. दुसरी गोष्ट अशी, की लोणावळ्याचा पाऊस म्हणजे मावळचा पाऊस नव्हे. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा हा पाऊस लोकलने पाऊण तासावर असलेल्या तळेगावला निम्म्यानेही पोचत नाही. तालुका एकच, नदीही तीच इंद्रायणी. तेव्हा माप कुठे ठेवले होते, हे विचारल्याशिवाय पावसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

हे पाऊसपुराण लावण्याचे कारण असे, की आमच्या घरात आणखी एक वही आहे. ती हिची. तिच्यात हिच्या दुखण्याची नोंद आहे. कोणत्या तारखेला कोणता पाय जड झाला, कोणत्या डोळ्यापुढे धुके आले, किती दिवसांनी ते गेले, कोणते औषध चालू होते. सुरुवात मी केली. आता ती स्वतःच लिहिते, आणि माझ्यापेक्षा नेटकी लिहिते. फक्त ज्या दिवशी उजवा हात ऐकत नाही, त्या दिवशी लेखणी माझ्याकडे येते.

दुखण्याचे नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. डॉक्टरमंडळी त्याला ‘एम.एस.’ म्हणून मोकळी होतात. आम्हाला ते पूर्ण नाव बिनचूक म्हणायला आठवडा लागला. मराठीत त्याला सुटसुटीत नाव नाही, आणि ज्या आजाराला आपल्या भाषेत नाव नाही तो शेजारीपाजारी समजावणे मोठे कठीण. मी आपला विजेच्या तारेचा दाखला देतो. तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे वेष्टण असते. शरीराची राखणदार फौजच चुकून त्या वेष्टणावर तुटून पडते. जिथे वेष्टण गेले तिथला निरोप अडतो. डोळ्याकडे जाणारा अडला तर दिसत नाही, पायाकडे जाणारा अडला तर पाऊल उचलत नाही. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी 1868 साली या रोगाची ओळख व्यवस्थित पटवून दिली. एवढी वर्षे झाली, तरी तो मुळापासून बरा करणारे औषध निघालेले नाही. झटके कमी करणारी औषधे मात्र पुष्कळ निघाली आहेत.

आमच्याकडे त्याचे आगमन 1997 च्या फेब्रुवारीत झाले. मुलगी तीन महिन्यांची होती. हिला एका डोळ्याने रंग फिके दिसू लागले आणि डोळा फिरवला की दुखे. आईने सांगितले, बाळंतपणात वारा लागला. कानाला फडके बांधत नव्हतीस, भोग आता. पंधरा दिवसांत डोळा सुधारला आणि आईचे म्हणणे सिद्ध झाले. पुढे दोन वर्षांनी पायांना मुंग्या आल्या, तेव्हा एका डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. नंतर तोल जाऊ लागला, तेव्हा दुसऱ्यांनी मानेचे हाड सांगितले. तिसऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “घरात सासू-सुनेचे काही?” प्रत्येकाने समोर दिसला तेवढाच तुकडा पाहिला. सगळे तुकडे एका कागदावर तारखेवार कोणीच मांडले नाहीत. 2003 साली पुण्यात एम.आर.आय. झाले आणि एका वयस्कर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सहा वर्षांची हकीकत क्रमाने विचारली. ती ऐकता ऐकता ते लिहीत होते. लिहून झाल्यावर कागद आमच्याकडे फिरवून म्हणाले, “हे बघा, हे सगळे एकच आहे.” त्या रात्री लोकलमधून घरी आल्यावर मी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या ओळीत लिहिले : फेब्रुवारी 1997, डावा डोळा.

त्या दिवशी मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला होता, हिला पाणी आणायला पाठवून. कोणताही नवरा विचारील तोच. “किती दिवस?” त्यांनी जे सांगितले, ते मी विसरलेलो नाही. म्हणाले, याचे उत्तर माझ्याकडे नाही, डेन्मार्ककडे आहे.

मला वाटले, ते मला परदेशी न्यायला सांगताहेत. तसे नव्हते. डेन्मार्कने 1956 साली एक राष्ट्रीय नोंदवही उघडली. देशात कोणालाही हा रोग झाला, की त्याची नोंद तिच्यात करायची आणि त्याचे पुढे काय झाले हे अखेरपर्यंत लिहीत राहायचे. एवढेच. कोणतेही नवे औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, कारकुनी काम. पण त्या कारकुनीतून पुढे असे दिसून आले, की या रोगाच्या माणसाचे आयुष्य इतरांपेक्षा सरासरी दहाएक वर्षांनी कमी भरते, आणि तेही अंतर दशकामागून दशक कमी होत आले आहे. आमच्या भीतीत हिच्या वाट्याला दोन-चार वर्षे होती. डेन्मार्कच्या वहीत संसार होता. शिवाय त्याच वहीतून हेही कळले, की 1950 नंतरच्या साठ वर्षांत तिथे बायकांमध्ये या रोगाचे नवे रुग्ण आढळण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. एवढ्या थोड्या काळात माणसाचे रक्त बदलत नाही. तेव्हा राहणीत किंवा हवापाण्यात काहीतरी बदलले असणार, हा अंदाज त्या नोंदींवरून बांधता येतो. एका डॉक्टरच्या साऱ्या हयातीत हे दिसणे शक्य नव्हते.

आईचे ‘बाळंतपणातले वारे’ही असेच एका यादीने सोडवले. 1998 साली युरोपातल्या बारा देशांतल्या 254 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. या रोगाच्या स्त्रियांना गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटके कमी येतात, आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढतात, असे तीत दिसले. हे मी आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, “मग मी काय वेगळं सांगत होते?” आणि खरे सांगायचे तर वेळ तिने बरोबर हेरली होती; फक्त फडक्याचा काही संबंध नव्हता. त्यानंतर मात्र तिने हिला त्या फडक्यावरून कधी बोल लावला नाही. आमच्या घरात त्या संशोधनाचा पहिला उपयोग झाला तो हा.

आता आपल्या देशाकडे वळू. फार काळ असे मानले जाई, की हा गोऱ्या लोकांचा, थंड मुलखातला रोग आहे आणि आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच. मुंबईचे मज्जारोगतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांनी 1985 च्या सुमारास जो अंदाज दिला, तो लाखामागे दीडहूनही कमी रुग्णांचा होता. त्याच शहरात डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजाची पाहणी केली. ती 1990 साली प्रसिद्ध झाली. त्यांना लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. पुढे 2014 साली मंगळूर शहराच्या पाहणीत डॉ. लेखा पंडित यांना लाखामागे आठांच्या आसपास आढळले.

दीड, आठ आणि वीस. माझ्यासारख्या पाऊस मोजणाऱ्याला ही ओळखीची भानगड आहे. काही फरक खरोखरीचा असेल. पारशी मंडळींचे मूळ इराणातले आणि त्यांची सोयरीक आपापसातली. काही फरक काळाचा असेल, कारण मधल्या काळात एम.आर.आय.ची यंत्रे जिल्ह्याच्या गावापर्यंत आली. पण काही फरक माप कुठे ठेवले याचाही असतो. इस्पितळात आलेले रुग्ण मोजले, तर इस्पितळापर्यंत जे पोचले तेवढेच मोजले जातात. लाखामागे किती, हे सांगायला वरचा आकडा लागतो तसा खालचाही लागतो. पारशी समाजाचा खालचा आकडा पक्का होता. माणसे वसाहतींतून राहणारी, आपली खानेसुमारी आपणच ठेवणारी, एकमेकांची नावे आणि दुखणी ठाऊक असलेली. आमच्या लोणावळ्या-खंडाळ्याला त्यांचे जुने बंगले आहेत. अशा समाजात कोण किती आणि कोण आजारी, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळते. आपल्या मोठ्या विस्कळीत समाजात ते कोणाला विचारावे?

हे काम आपल्याला अगदीच अनोळखी आहे, असे मात्र नाही. कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही मुंबईत 1963 सालीच सुरू झाली. देशातली ती पहिली. आणि सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करुग्णांची नोंद ठेवली जाते. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारपूस करतात. रुग्ण आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहत बसले नाहीत, हे त्यांचे वैशिष्ट्य. आमच्या लोणावळ्यातही मोजणीची परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढले ते प्रयोगशाळेसकट. आसने केल्याने बरे वाटते एवढ्यावर न थांबता शरीरात नेमके काय होते, ते यंत्र लावून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. हिला योगासने सुचवणारे नातेवाईक पुष्कळ भेटले. त्यांतले निम्मे तरी स्वामींइतके चिकित्सक असते, तर किती बरे झाले असते!

हिला लोणावळा मानवतो, हे मात्र कोणी न सांगता आम्हाला कळले होते. या रोगात अंग तापले की लक्षणे बळावतात. ऊटहोफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे 1890 साली नोंदले. एम.आर.आय. नव्हते तेव्हा डॉक्टर रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून परीक्षा करीत, हे वाचून ही म्हणाली, “बरं झालं, उशिरा जन्मले.” मे महिन्यात पुण्याला गेलो, की शिवाजीनगरला उतरेपर्यंत हिची पावले ओढू लागतात, परतीच्या गाडीने मळवली सोडली, की वारा लागतो आणि ही हुशारते. वहीत मे महिन्याची पाने जास्त भरलेली आहेत. पावसाच्या वहीच्या अगदी उलट.

औषधांची हकीकत थोडक्यात सांगतो. सुरुवातीला इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली. शिक्षकाच्या पगारात ती बसेनात, म्हणून ती मध्येच थांबली. मधली वर्षे वाईट गेली, आणि काठी आली ती तेव्हा. 2016 पासून रिटुक्सिमॅब चालू झाले. हे मुळात एका प्रकारच्या कर्करोगाचे औषध. आपल्याकडच्या कंपन्या ते बनवतात, त्यामुळे दरात पुष्कळ फरक पडतो. पण ते या रोगासाठी म्हणून बाजारात आलेले नव्हते. मग ते द्यावे, हे डॉक्टरांना कोणी सांगितले? स्वीडनमध्ये ते शेकडो, मग हजारो रुग्णांना दिले गेले आणि प्रत्येकाचे काय झाले ते तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत उतरत गेले. ज्या औषधावर कोणाला मोठा नफा होणार नव्हता, त्याचा पुरावा उभा राहिला त्यात या नोंदींचा वाटा मोठा आहे. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगासाठी ते आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

आणि 2020 चा एप्रिल. करोनाची साथ आली आणि घरात एकच प्रश्न. हे औषध शरीराची राखणदार फौज ढिली करते. मग साथीत ते घ्यावे की थांबवावे? कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही फाटकाला कुलूप लावले. दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुतली. दरम्यान जगातल्या निरनिराळ्या नोंदवह्या एकत्र जोडण्याचे काम चालू झाले होते. 28 देशांतल्या 2,340 रुग्णांची माहिती जमली आणि 2021 साली निष्कर्ष छापून आला : हे औषध व त्याचे भावंड ऑक्रेलिझुमॅब घेणाऱ्यांना करोना झाला, तर इस्पितळात आणि अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ इतरांपेक्षा अधिक येते. त्या निष्कर्षावर डॉक्टरांनी हिचा पुढचा डोस लांबवला, आधी लस दिली, मग औषध. त्या 28 देशांतली नावे मला कधी कळणार नाहीत. त्यांतली काही माणसे वाचली नाहीत.

त्यानंतर आली ती आमची पाळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने 2021 साली मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि त्याच्या जवळच्या विकारांची देशव्यापी नोंदवही सुरू झाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे तिचे सूत्रचालन आहे आणि निरनिराळ्या प्रांतांतली रुग्णालये तिला जोडलेली आहेत. 2022 च्या पावसाळ्यात आम्ही तपासणीसाठी गेलो असता एका तरुण डॉक्टरबाईंनी संमतीचा कागद पुढे केला.

वेळ मोठी अडचणीची होती. मुलीसाठी एक स्थळ आले होते. माणसे चांगली, मुलगा चांगला, पत्रिका जमलेली. हिचे थोरले बंधू आमच्याबरोबर होते. ते म्हणाले, “आधी लग्न उरकू दे. मग काय नोंदी करायच्या त्या कर. एकदा नाव वहीत गेलं की ते कुठे कुठे जाईल, काही भरवसा नाही.”

दादांचे म्हणणे वेडगळ नव्हते. आपल्याकडे कागद गहाळ होतात आणि बातमी मात्र कधीच गहाळ होत नाही. डॉक्टरबाईंनी समजावले, की संशोधकांपुढे नाव जात नाही, क्रमांक जातो. आणि वाटेल तेव्हा संमती मागे घेता येते. ही हसून म्हणाली, “म्हणजे मी आता कैदी नंबर अमुक.” मग एकदम गंभीर होऊन तिने विचारले, “यातून मला काय मिळेल?”

“तुम्हाला?” डॉक्टरबाई थोड्या थांबल्या. “खरं सांगू का काकू? बहुतेक काहीच नाही.”

मला त्या बाईंबद्दल त्या क्षणी आदर वाटला. हिने मग दुसरा प्रश्न केला. “मुलाकडच्यांनी विचारलंय, हे आनुवंशिक आहे का म्हणून. काय सांगू?”

डॉक्टरबाईंनी सांगितले, की आईला हा रोग असेल, तर अपत्याला होण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते. म्हणजे इतरांपेक्षा जास्त, पण अठ्ठ्याण्णव जणांना होत नाही. ही म्हणाली, “हे कुणाचं माप?” त्या म्हणाल्या, “कॅनडा, युरोप. तिकडची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नोंदवलेली आहेत.” “आणि आपलं?” “आपलं सांगता येईल इतकी कुटुंबं अजून नोंदवलेली नाहीत, काकू.”

ही दादांकडे वळून म्हणाली, “ऐकलंत? माझ्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न, आणि उत्तर आणायचं कॅनडातून.” आणि तिने सही केली. हात थरथरत होता, म्हणून सही वाकडी आली. ती पुन्हा करू का, असे तिने विचारले. बाई म्हणाल्या, असू द्या.

अर्धा तास प्रश्न चालले. पहिला झटका केव्हा, कोणत्या बाजूचा, किती दिवस टिकला, पुढचा केव्हा. साधारणपणे रुग्ण इथे अडखळतो. वीस वर्षांपूर्वीचा डावा-उजवा कोणाला आठवणार? हिने पिशवीतून वही काढली. डॉक्टरबाईंचा चेहरा असा झाला, की जणू कोणी दिवाळीचा फराळ पुढे ठेवला आहे. मग चालून दाखवायचे झाले. जॉन कर्टझ्‌के या अमेरिकन डॉक्टरांनी शून्यापासून दहापर्यंतची एक मोजपट्टी केलेली आहे. शंभर मीटर चालायला एका काठीचा आधार लागला की सहा. ही सहावर आहे. परत येताना म्हणाली, “आयुष्यात कधी सहाच्या वर जायला नको असं पहिल्यांदाच वाटतंय.” मी मास्तर असल्याने हा टोमणा मलाच होता.

मुलाकडच्यांना आम्ही सगळे मोकळेपणाने सांगितले, शंभरातल्या दोनांसकट. त्यांनी चार दिवस घेतले आणि पत्रिका पुन्हा पाहिल्यावर जमत नाही असे कळवले. मुलगी त्या संध्याकाळी माडीवर बसून राहिली. जेवायला खाली आली तेव्हा तिने आईला एवढेच विचारले, की त्या नोंदवहीत मुलांची माहिती घेतात का. घेत असतील तर माझीही द्या. दादा महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. मुलीचे लग्न अजून व्हायचे आहे. त्याची काळजी मला वाटते, ती नाही म्हणणे खोटेपणाचे होईल.

परंतु माझ्या मनात त्या वहीविषयी एक शंका उरली होती, आणि ती मावळची होती. ही नोंदवही मोठ्या रुग्णालयांची. तिथवर पोचायला आधी कोणीतरी एम.आर.आय. सुचवावे लागते, त्याचे पैसे लागतात, एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. माझा पर्जन्यमापक घाटमाथ्यावर आणि मी मावळचा पाऊस सांगतो, तसेच हे. नाणे मावळात, पवन मावळात, आंदर मावळात धरणामागच्या वाड्यांवर कोणाचा पाय ओढत असेल, तर तो कोणत्या रकान्यात जातो? तो देवऋष्याकडे जातो.

गेल्या वर्षी हिच्यासमोरच याचे उदाहरण आले. आमचा दूधवाला नाणे मावळातला. त्याच्या भावजयीला बाळंतपणानंतर एका डोळ्याने दिसेनासे झाले, पाठोपाठ दोन्ही पाय लुळे पडले. घरात कोंबडे उतरवून झाले होते. हिने दुधाचे पातेले हातात धरून त्याला डोळा कोणता, आधी काय, मग काय, असे दहा प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाली, “तिला उद्याच्या उद्या तळेगावच्या इस्पितळात ने, आणि तिथून पुण्याला. पैशाचं मागून बघू.” माझी खात्री झाली, की हिला आपली सोबतीण सापडली.

तसे निघाले नाही. रक्ताची एक विशेष तपासणी झाली आणि कळले, की हे मल्टिपल स्क्लेरॉसिस नव्हे. त्याच्यासारखाच दिसणारा, पण जात वेगळी असलेला ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ हा विकार. त्याची खूण पटवणारे प्रतिद्रव्य 2004 साली सापडले. त्याआधी आपल्याकडे असे कितीतरी रुग्ण एम.एस.च्याच खात्यात जमा होत असणार. आणि हा फरक केवळ नावाचा नाही : हिला जे इंटरफेरॉन दिले होते, ते त्या बाईला दिले असते, तर तिचा आजार वाढण्याचा धोका होता. तिला वेळेवर स्टेरॉइड मिळाली, पुढची औषधे मिळाली. पाय परत आले. डोळा पुरता आला नाही. तिचेही नाव आता नोंदवहीत आहे, शेजारच्या रकान्यात; ‘जवळचे विकार’ हे शब्द त्या वहीच्या नावात उगाच घातलेले नाहीत.

ती शाळा फारशी शिकलेली नाही, पण हिने तिला एक वही दिली आहे. तारीख लिहिता येते, तेवढे पुरे, असे हिचे म्हणणे. बाकीसाठी तिने आपल्या खुणा ठरवल्या आहेत : डोळ्यासाठी गोल, पायासाठी उभी रेघ, औषध घेतले की टिकली. दोघींच्या तपासणीची तारीख आता सहा महिन्यांनी एकाच दिवशी पडते. हिनेच डॉक्टरांना सांगून तसे करवून घेतले. सकाळच्या लोकलने आम्ही लोणावळ्याहून निघतो. ती कामशेतला चढते, आणि गाडी कान्हे ओलांडेपर्यंत दोघींच्या वह्या मांडीवर उघडलेल्या असतात.